साथीतलं अरबी बोलणं कोणी जपायचं?

समाजमाध्यमांवर लोक जे लिहितात ते संशोधनासाठी गोळा करावं का, हा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्याने चव्हाट्यावर लिहिलं त्याची परवानगी कसली मागायची? दुसरा म्हणतो, न विचारता उचलणं म्हणजे पाळत. साथ असो की युद्ध, हात लावू नका. कोरोनाच्या काळात जगभरच्या विद्यापीठांनी ट्विटरवरच्या पोस्ट लाखांनी, कोटींनी जमवल्या. त्यांत अरबी पोस्टचा उल्लेख आला की दोन्ही बाजूंचा आवाज आणखी चढतो, कारण अरबी बोलणाऱ्या अनेक देशांत एका ओळीपायी माणूस वर्षानुवर्षं गजाआड जातो. मला दोन्ही तट चुकीच्या जागी भांडताना दिसतात. माझं म्हणणं असं की साथीच्या काळात अरबी पोस्ट गोळा करायलाच हव्यात. मात्र त्या अरबी जाणणाऱ्या माणसांनी, सरकार आणि कंपनी या दोघांच्याही हाताबाहेर राहून, आणि लिहिणाऱ्याला आपलं वाक्य केव्हाही मागे घेता येईल अशा रीतीने गोळा करायला हव्यात. यातली एक जरी अट सुटली तर मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहीन. पण अटी पाळणं कठीण आहे म्हणून कामच नको, हे मला पटत नाही.

आधी हे काम नेमकं काय होतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यातली एखादी फाइल उघडून पाहिलेली असते. मक्केतल्या उम्म अल-कुरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1 जानेवारी 2020 पासूनच्या अरबी ट्वीटचा साठा केला. कतार विद्यापीठातल्या गटाने 27 जानेवारी 2020 पासून वर्षभरातले सुमारे 27 लाख ट्वीट जमवले, आणि त्याला जोडून पडताळणी झालेले 138 दावे व त्यांच्याशी संबंधित नऊ हजारांहून अधिक ट्वीट खऱ्या-खोट्याची खूण करून वेगळे ठेवले. हे साठे जाहीर आहेत. पण ट्वीटची फाइल उघडली तर तिच्यात एकही अरबी अक्षर सापडत नाही. एकाखाली एक 19 आकडी संख्या असतात, बस्स. प्रत्येक संख्या म्हणजे एका ट्वीटचा क्रमांक. मजकूर हवा असेल तर तो क्रमांक घेऊन ट्विटरच्या दारात जायचं आणि मूळ ट्वीट अजून जागेवर असेल तर मागून घ्यायचं. ट्विटरचाच तसा नियम होता: संशोधकांनी एकमेकांना क्रमांक द्यावेत, मजकूर सरसकट वाटू नये. त्यामुळे ज्याने आपलं ट्वीट पुसलं त्याचं बोलणं पुढच्या संशोधकाच्या हाती आपोआपच येत नसे. उरे तो फक्त क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या रचनेत दडलेली वेळ, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. म्हणजे कोणीतरी त्या क्षणी काहीतरी बोललं एवढंच कळतं. कोण आणि काय, ते कळत नाही. या बारीकशा तांत्रिक तरतुदीत संमतीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. त्याकडे मी पुन्हा येईन.

आता हे सगळं कशासाठी? याचं उत्तर कोरोनात शोधण्याआधी आठ वर्षं मागे जायला हवं. जून 2012 मध्ये जेद्दाहच्या एका खासगी रुग्णालयात न्यूमोनियाने आणि निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांनी एक रुग्ण दगावला. तिथले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहम्मद झकी यांना ओळखीचा कुठलाच विषाणू सापडेना. त्यांनी नमुना नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पाठवला, हा नवाच कोरोनाविषाणू असल्याचं ठरलं, आणि सप्टेंबरमध्ये झकींनी ही बातमी प्रोमेड या साथरोगांच्या जाहीर ई-मेल सेवेवर टाकली. ती वाचून लंडनमधल्या डॉक्टरांना आपल्याकडच्या कतारी रुग्णाचं कोडं उलगडलं. जगाला मर्स हा आजार कळला तो असा, एका पोस्टमुळे. झकींची मात्र नोकरी गेली आणि ते इजिप्तला परतले. पुढे जून 2014 मध्ये सौदी आरोग्य मंत्रालयाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा आधी न मोजलेले 113 रुग्ण सापडले. ज्या आजारात नोंद झालेल्या दर तीन रुग्णांमागे जवळजवळ एक मरत होता, त्यात 113 माणसं सरकारी आकड्यांच्या बाहेर राहिली होती. अशा ठिकाणी सरकारी पत्रक हाच एकमेव स्रोत मानायचा का? जिथे वृत्तपत्रं मोकळी नाहीत, विरोधी पक्ष नाहीत, डॉक्टरांना तोंड उघडायची सोय नाही, तिथे सामान्य माणसाचं बोलणं ही साथीची पहिली खबर असते. ते कोणीच ऐकून ठेवायचं नाही असं ठरवलं, तर पत्रक तेवढं उरेल.

विरोध करणाऱ्यांचा सगळ्यांत जोरदार मुद्दाही इथेच उभा आहे, आणि तो त्याच्या पूर्ण वजनासह मांडायला हवा. सौदी अरेबियात रेड क्रेसेंटमध्ये काम करणारा एक तरुण निनावी खात्यावरून टीका करायचा. 2018 मध्ये त्याला कामाच्या जागेवरून उचललं आणि 2021 मध्ये 20 वर्षांची शिक्षा सुनावली. ब्रिटनमध्ये पीएचडी करणारी एक सौदी विद्यार्थिनी सुट्टीत घरी आली असताना पकडली गेली. ऑगस्ट 2022 मध्ये अपिलात तिची शिक्षा वाढवून 34 वर्षं झाली. तिचा गुन्हा काय, तर काही ट्वीट आणि दुसऱ्यांची ट्वीट पुढे पाठवणं. एवढी मोठी शिक्षा पुढे कमी झाली, पण तोवर तिच्या आयुष्यातली वर्षं गेलीच. इजिप्तमध्ये 2020 सालीच मास्क आणि चाचण्यांच्या तुटवड्याविषयी बोलणाऱ्या डॉक्टरांना 'खोट्या बातम्या पसरवणे' या कलमाखाली अटक झाली. अशा देशांतल्या माणसांची वाक्यं विषयवार, तारीखवार, जमल्यास गाववार लावून ठेवणं म्हणजे पोलिसांचं काम हलकं करणं नव्हे का? हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करत नाही त्याने या कामाला हात लावू नये. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठात बसून 'डेटा जाहीरच आहे' असं म्हणणाऱ्याला त्या वाक्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागत नाही. ती मोजणारा असतो रियाधमधला किंवा कैरोतला कोणीतरी.

हे मान्य करूनही मी विचारतो: त्या सरकारांना विद्यापीठाच्या साठ्याची गरज होती का? नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ट्विटरच्याच दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदी अरेबियासाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवला. त्यातल्या एकाने 2015 मध्ये सहा हजारांहून अधिक खात्यांची माहिती चाळल्याचं आरोपपत्रात होतं. दुसऱ्याला 2022 मध्ये दोषी ठरवून साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ई-मेल पत्ता, फोन क्रमांक, कुठल्या यंत्रावरून लिहिलं त्याचा माग, ही सगळी कंपनीच्या तिजोरीतली माहिती. संशोधकाच्या 19 आकडी यादीत यातलं काहीच नसतं. राजसत्तेचे कान आधीपासूनच दाराला लागलेले असतात. संशोधकाने काम सोडलं म्हणून ते कान मिटत नाहीत. फक्त ऐकणाऱ्यांमधला, लोकांच्या बाजूचा म्हणता येईल असा एकुलता एक माणूस उठून जातो. अरबी पोस्ट कोणीच गोळा करू नयेत, या मागणीचा प्रत्यक्षातला अर्थ त्या फक्त गुप्तहेर खात्याने आणि जाहिरात कंपनीने गोळा कराव्यात असा होतो. हे मागणी करणाऱ्यांच्या मनात नसतं हे मला ठाऊक आहे, पण परिणाम तोच होतो.

आपल्याकडच्या एका साथीचा इतिहास इथे आठवल्यावाचून राहत नाही. 29 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. 2020 मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्णही इथेच आणले गेले. प्लेगच्या रुग्णाला इस्पितळात नेतात ते मारण्यासाठी, अशी आवई तेव्हा चाळीचाळींतून फिरत होती. पुढच्या वर्षी पुण्यात घरझडत्या झाल्या, 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली आणि 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाखाली 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या काळी मुंबई सरकार देशी वृत्तपत्रं नियमाने वाचून घेई. मराठी, गुजराती, उर्दू पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होत आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर जात. त्यामागचा हेतू स्वच्छ पाळतीचा होता. आज मात्र प्लेगच्या काळात माणसं काय बोलत होती, कशाला भीत होती, कुठल्या अफवांवर विश्वास ठेवत होती, हे शोधणाऱ्या इतिहासकाराला त्याच अहवालांची पानं उलटावी लागतात. कारण मूळ पत्रांचे कित्येक अंक उरलेच नाहीत. यातून दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही कडू आहेत. साथीतलं लोकांचं बोलणं राज्यकर्ते कधीच सोडून देत नाहीत. आणि लोकांच्या बाजूने ते कोणी जपलं नाही, तर शंभर वर्षांनी आपल्याच आजोबा-पणजोबांची भीती आपल्याला साहेबाच्या कारकुनाने केलेल्या सारांशातून वाचावी लागते. गिरणी कामगाराचं बोलणं त्याच्याच शब्दांत टिपणारा कोणी 1896 मध्ये असता, तर आर्थर रोडवरचा जमाव आपल्याला नुसती 'अडाण्यांची दंगल' म्हणून दिसला नसता. इस्पितळावर विश्वास का बसत नव्हता, हे त्या जमावाच्याच तोंडून कळलं असतं.

डिजिटल मजकूर तर कागदापेक्षाही लवकर नाहीसा होतो. 2011 च्या अरब उठावासह काही मोठ्या घटनांच्या काळात लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या दुव्यांचा अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात माग काढला गेला, तेव्हा पहिल्या वर्षभरातच जवळपास 11 टक्के साहित्य गायब झालेलं आढळलं. सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने 2017 मध्ये काढून टाकले. युद्धगुन्ह्यांचे पुरावे म्हणून ते जपणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यांच्यासाठी झगडावं लागलं. कंपनीच्या भरवशावर इतिहास सोडता येत नाही.

दुसरा मोठा आक्षेप प्रातिनिधिकतेचा, आणि हा मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. ट्विटरवरचा अरब म्हणजे अरब जग नव्हे. येमेनमधल्या खेड्यातली बाई, सुदानमधला शेतकरी, गाझातली वीज नसलेली वस्ती या साठ्यांत जवळजवळ नाही. आखाती देशांत तर प्रश्न आणखी खोल आहे. कतार, संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत या तिन्ही देशांत बहुसंख्य लोक परदेशी आहेत, आणि त्यांतले बहुतेक कष्टकरी अरबीत ट्वीट करत नाहीत. मार्च 2020 मध्ये दोहाच्या औद्योगिक भागाला टाळं लागलं, एप्रिलमध्ये कुवेतमधलं जलीब अल-शुयूख बंद झालं; दाटीवाटीने एकेका खोलीत राहणाऱ्या भारतीय, बांगलादेशी, नेपाळी मजुरांच्या या वस्त्या. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात असतात. त्या घरांना तिथली खबर मिळत होती ती व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपांतून, कोकणीत, मराठीत, दखनीत. यातलं काहीही अरबी ट्वीटच्या साठ्यात नाही. साठ्यात मिळतं ते या मजुरांविषयी इतरांनी केलेलं बोलणं. कुवेतच्या ज्येष्ठ अभिनेत्री हयात अल-फहाद यांनी एप्रिलच्या सुरुवातीला एका मुलाखतीत परदेशी कामगारांना बाहेर काढा, वाळवंटात टाका असं म्हटलं, तेव्हा आखातभर जो वाद उसळला तो अरबीत होता. ज्यांच्याविषयी तो होता ते त्यात नव्हते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात एकाच भांड्यात शिजलेला असेल तर. बावीस देशांतल्या चाळीस कोटींहून अधिक लोकांचा अंदाज एका ॲपवरून बांधणाऱ्याला ही परीक्षा लागू पडत नाही.

मग हा आक्षेप काम मोडीत काढण्याइतका मोठा आहे का? माझ्या मते तो कामाची दिशा ठरवतो. गूगलने 2008 मध्ये लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूचा अंदाज सांगायला सुरुवात केली. 2012-13 च्या हंगामात तो अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये ती सेवा बंद पडली. ती बुडाली, कारण लोकांच्या बोलण्याकडून रुग्णांचा आकडा मागितला गेला. अरबी पोस्टवरून रुग्ण मोजायला जाल तर तसंच होईल, आणि असे प्रयोग करणाऱ्यांना अडवायला हवं. पण लोक काय विचारताहेत, कशावर विश्वास ठेवत नाहीत, कुठली अफवा कुठल्या दिवशी जन्मली आणि कुणाच्या तोंडून मोठी झाली, हे जाणून घ्यायला प्रत्येक घरातला माणूस साठ्यात असावा लागत नाही. सौदी अरेबियातलं उदाहरण घ्या. 2 मार्च 2020 ला तिथला पहिला रुग्ण जाहीर झाला. तो इराणहून आलेला होता, आणि पूर्व सौदीतलं शियाबहुल कतीफ 8 मार्चला बंद केलं गेलं. सौदी नागरिकांना इराणला जायला बंदी असल्यामुळे तिकडून परतलेले लोक प्रवास लपवत होते. शेवटी सरकारला जाहीर करावं लागलं की 48 तासांत जो सांगेल त्याच्यावर प्रवासाच्या नियमांखाली कारवाई होणार नाही. शिक्षेची भीती साथीला कशी पोसते, आणि तिच्यावर पंथद्वेषाचं मीठ चोळलं की माणसं आणखी कशी दडतात, हे आरोग्य अधिकाऱ्याला कळायला हवं की नको? त्यासाठी लागतं ते लोकांचं उघड बोलणं, त्यातल्या शिव्यांसकट, वेळच्या वेळी वाचणारं कोणीतरी.

वाचणारं म्हणताना भाषा येणारं असं मला म्हणायचं आहे. अरबी म्हणून यंत्रापुढे जे येतं ते एक नसतं. 'आत्ता' एवढाच अर्थ सांगायला पुस्तकी अरबीत 'अल्-आन', कैरोत 'दिल्वअती', दमास्कसला 'हल्लअ', आखातात 'अल्हीन' आणि मोरोक्कोत 'दाबा'. तरुण मुलं तर रोमन लिपीत लिहितात आणि तिच्यात नसलेल्या ध्वनींसाठी 3 आणि 7 हे आकडे वापरतात. शिवाय ऱ्हस्व स्वर लिहायची रीत नाही; विलगीकरणासाठीचा 'हज्र' हा शब्द टाकून पोस्ट गोळा केल्या की त्याच अक्षरांत लिहिला जाणारा 'हजर', म्हणजे दगडही जाळ्यात येतो. हे निवडायला तिथला माणूस लागतो. तो नसला की काय होतं याचं उदाहरण ऑक्टोबर 2017 मधलं आहे. वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी बांधकाम मजुराने बुलडोझरला टेकून काढलेल्या फोटोखाली अरबीत 'सुप्रभात' अशा अर्थाचं लिहिलं. फेसबुकच्या यंत्राने त्याचं हिब्रूत 'त्यांच्यावर हल्ला करा' असं भाषांतर केलं. इस्रायली पोलिसांनी त्याला पकडून नेलं, आणि अटकेपूर्वी अरबी येणाऱ्या एकाही अधिकाऱ्याने ती ओळ वाचली नव्हती. पुढे 2021 मध्ये फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली त्यांत, दहशतवादविरोधी गाळणी ज्या अरबी पोस्ट काढत होती त्यांतल्या 77 टक्के निरुपद्रवी असल्याचं कंपनीनेच नोंदवलेलं होतं. यंत्रं अरबी वाचत आहेतच. ती वाईट वाचत आहेत, आणि त्याची शिक्षा अरबी बोलणारा भोगतो आहे. खुणा करून, बोलींची वर्गवारी करून, चुका दाखवून ती सुधारायची तर अरबी विद्यापीठांच्या हाती अरबी पोस्ट असायला हव्यात. मक्का आणि दोहा इथल्या संशोधकांनी हे काम स्वतः केलं, याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. कोणा परक्या प्रयोगशाळेने अनुवादयंत्र लावून केलेल्या साठ्याला मी ते मोल देणार नाही.

राहिला संमतीचा प्रश्न. 'जाहीर आहे ते सगळ्यांचं' या युक्तिवादाचा फोलपणा 2016 मध्येच दिसला होता. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ओकेक्यूपिड या जोडीदार शोधायच्या संकेतस्थळावरची सुमारे 70 हजार लोकांची माहिती, खात्यांची नावं आणि लैंगिक आवडीनिवडींसकट, सरळ जाहीर करून टाकली, आणि आक्षेप आल्यावर 'ती आधीपासून जाहीरच होती' असं उत्तर दिलं. चौकात उभं राहून बोलणारा माणूस चौकातल्यांसाठी बोलत असतो; त्याचं बोलणं यादीत बसवून कायमचं जगापुढे ठेवायला त्याने होकार दिलेला नसतो. पण दुसऱ्या टोकाला, साथ पसरत असताना 27 लाख ट्वीटच्या लेखकांना एकेक करून विचारा म्हणणंही अशक्याची मागणी आहे. या दोहोंमध्ये जागा होती, आणि ती त्या 19 आकडी यादीने धरून ठेवली होती. लिहिणाऱ्याने पुसलं की वाचणाऱ्याचं दार बंद. आधी विचारता येत नसेल, तर नंतर मागे घेण्याचा हक्क तरी लिहिणाऱ्याकडे राहावा, ही व्यवस्था माझ्या दृष्टीने न्याय्य होती. भोकं तिच्यातही होती. ज्याने आधीच मजकूर उतरवून घेतला त्याच्याकडून तो परत घेता येत नव्हता, आणि तुरुंगात असलेल्या माणसाला स्वतःचं ट्वीट पुसता येत नाही. म्हणून मला त्यावर आणखी दोन बंधनं हवी होती: शहराहून बारीक ठिकाण साठ्यात असू नये, आणि लहान, अनोळखी खात्यांची वाक्यं शोधनिबंधात जशीच्या तशी छापू नयेत, कारण एक वाक्य शोधपेटीत टाकलं की माणूस सापडतो.

ती जागा मोडली ती नीतीच्या वादात नव्हे. ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये संशोधकांना जुन्या ट्वीटपर्यंत विनामूल्य पोहोच दिली होती. ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनी इलॉन मस्क यांच्या हाती गेली, आणि 2023 मध्ये ते दार लावून घेतलं गेलं. त्या वर्षीच्या दरपत्रकातला संशोधकाला परवडेलसा पर्याय होता महिन्याला 100 डॉलर आणि 10 हजार ट्वीट. या गतीने कतार विद्यापीठाचे 27 लाख क्रमांक उघडायला साडेबावीस वर्षं लागली असती. ऑगस्ट 2024 मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने क्राउडटँगल हे जाहीर पोस्टचा माग काढायचं साधनही बंद केलं. परिणाम असा झाला की नियम पाळून ज्यांनी फक्त क्रमांक वाटले त्यांचे साठे निरुपयोगी झाले, आणि नियम धाब्यावर बसवून ज्यांनी सगळा मजकूर आपल्या संगणकावर दडवून ठेवला त्यांच्याकडे तो सुखरूप आहे. प्रामाणिकपणाची ही किंमत ज्याला खटकत नाही त्याच्याशी संशोधनाच्या नीतीवर काय बोलावं?

विरोधकांचं आणखी एक म्हणणं मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही. या साठ्यांवर निघालेल्या निबंधांचा मोठा भाग 'भावना सकारात्मक की नकारात्मक' हे यंत्राला किती टक्के अचूक ओळखता आलं, एवढ्यावरच थांबतो. एखाद्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला, लसीविषयी शंका घेणाऱ्या आईशी बोलणाऱ्या परिचारिकेला त्यातून काय मिळालं? लोकांच्या भीतीवर पदव्या मिळवायच्या आणि लोकांना काही परत द्यायचं नाही, ही कमाई नाकारायलाच हवी. खऱ्या-खोट्या दाव्यांची पडताळणी असलेला कतारचा छोटा साठा त्या लाखांच्या ढिगापेक्षा मला मोलाचा वाटतो तो याचसाठी. त्यातला एकेक दावा घेऊन उद्या कोणी त्या अफवेला उत्तर लिहू शकतं.

मग पुढच्या साथीआधी काय व्हायला हवं? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या 40 व्या कलमाने एक वाट उघडली आहे: साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांकडे संशोधकांना माहिती मागता येते, आणि कंपनीला ती नाकारणं सोपं नाही. पण तो हक्क युरोपातल्या धोक्यांच्या अभ्यासापुरता आहे. कैरोतल्या किंवा खार्टूमच्या संशोधिकेला तिच्याच शहरातल्या अफवांचा अभ्यास करायला त्याचा आधार नाही, आणि तिच्या स्वतःच्या सरकारकडून असा कायदा मागणं म्हणजे कोल्ह्याला कोंबड्यांची राखण सांगणं. म्हणून हा हक्क देशांच्या हद्दीऐवजी भाषेला जोडून मागायला हवा: ज्या भाषेत कंपनी जाहिराती विकते, त्या भाषेतल्या जाहीर पोस्ट साथ घोषित झाल्याच्या दिवसापासून विद्यापीठांना क्रमांकांच्या रूपात खुल्या राहतील, पुसलेली पोस्ट पुसलेलीच राहील, आणि साठा अशा देशातल्या ग्रंथालयात असेल जिथे पोलिसांना तो न्यायालयाच्या आदेशाशिवाय मागता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्ये माहितीच्या साथीविरुद्ध लढतो आहोत असं जगाला सांगितलं. अरबी ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. हा करार घडवून आणण्याची मागणी त्या संघटनेकडेच करायला हवी, आणि ती साथ नसताना करायला हवी, कारण साथ आली की कंपनी दरपत्रक पुढे करते आणि सरकार कायद्याचं कलम.